हे परत आले

"आईचं काहीतरी बिनसलंय," बायको जिन्याखाली उभी राहून दबक्या आवाजात म्हणाली. "आत्ता मला म्हणाली, हे परत आले."

दातांचे डॉक्टर दवाखान्यातून नुकतेच घरी येऊन बूट काढत होते. एक पाय बुटात आणि एक पाय हवेत, अशा अवस्थेत ते थांबले. "हे म्हणजे कोण?"

"आई 'हे' कोणाला म्हणते? बाबांना! म्हणाली, डोक्याला चिखल होता, अंग थंडगार पडलं होतं. पुसून काढलं आणि वर खोलीत नेऊन ठेवलं."

"ठेवलं?"

"ठेवलं म्हणाली. आणि स्वयंपाकघरात जाऊन दूध तापवायला लागली."

डॉक्टरांनी हवेतला पाय परत बुटात घातला. घरातून पळायची वेळ आलीच, तर बूट असलेले बरे. सासरेबुवांना जाऊन वर्ष होत आलं होतं. डॉक्टर शिकलेले, भुताखेतांना हसणारे गृहस्थ. एरवी त्यांनी सासूबाईंना विचारून टाकलं असतं आणि विषय मिटला असता. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं होतं. आदल्याच दिवशी डॉक्टरांनी सासरेबुवांशी दगाफटका केला होता.

त्याचं असं झालं. डॉक्टर घरजावई. सासरेबुवा लोखंडाचे व्यापारी, आणि त्यांचं बोलणंही तसंच, घणाचे घाव घातल्यासारखं. दुकानानंतर त्यांना एकच नाद, गोल्फचा. पिशवीतल्या काठ्यांना ते दांडे म्हणत, म्हणून घरात सगळेच दांडे म्हणत. त्यातही त्यांचा जीव लोखंडी दांड्यांवर. तीन आणि चार नंबर लांब पल्ल्याचे, पाच आणि सहा मधल्या पल्ल्याचे. दर शनिवारी ते या चौघांना मशीनचं तेल चोळत बसत. जावयाच्या पाठीवरून मात्र त्यांनी कधी हात फिरवला नव्हता.

पुढे क्लबात हायब्रीड नावाचे नवे दांडे आले. डोकं लाकडी दांड्यासारखं फुगीर, काम लोखंडी दांड्याचं, आणि मारायला इतका सोपा की गवतात रुतलेला चेंडूही अलगद वर उचलतो. एकेक म्हातारा लांबचं लोखंड सोडून हायब्रीड घ्यायला लागला. सासरेबुवांनी एक हातात घेतला, उलटासुलटा केला आणि भर व्हरांड्यात जाहीर केलं, "धड लाकूड नाही, धड लोखंड नाही. खायला काळ आणि भुईला भार. अरे, हा तर जावई!"

तेव्हापासून त्या क्लबात हायब्रीडला जावई म्हणायची पद्धत पडली. हे बारसं झालं तेव्हा खरे जावई शेजारीच सरबताचा पेला धरून उभे होते. सगळ्यांत मोठ्यांदा तेच हसले. दुसरं काय करणार?

सासरेबुवा गेल्यावर सासूबाईंनी पिशवी डॉक्टरांच्या हवाली केली. "जपून वापरा, जावईबापू. यांचा जीव होता यात." डॉक्टरांनी जपलं, आणि तिथेच घात झाला. तीन नंबरचं तोंड सुरीच्या पात्यासारखं बारीक आणि जवळजवळ उभं. हातात चांगला वेग असेल तरच चेंडू उठणार. डॉक्टरांनी मारला की चेंडू सशासारखा गवतातून पळायचा आणि झिणझिण्या कोपरापासून थेट दाढेपर्यंत जायच्या. मग एक दिवस दवाखान्यात पेशंटच्या दाढेवर चिमटा लावला आणि हातातली पकडच सुटली. पेशंट आ वासलेल्या तोंडानंच म्हणाला, "डॉक्टर, दुखतंय कोणाला? मला की तुम्हाला?" हाडांच्या डॉक्टरांनी तर सरळच सांगितलं, "एक तर हे लोखंड सोडा, नाहीतर दाढा काढणं सोडा."

आता दाढा काढणं सोडलं तर खायचं काय? आणि लोखंड सोडलं तर सासूबाईंना तोंड कसं दाखवायचं? त्यातच येत्या रविवारी सासरेबुवांच्या आठवणीसाठी क्लबानं सामने ठेवले होते. पहिला फटका जावयानं मारायचा, तोही त्यांच्याच तीन नंबरनं, असं ठरलं होतं. सासूबाई पहिल्या खुर्चीवर बसणार होत्या.

"तुम्ही तीन, चार, पाच, सहा, चौघांनाही घरी बसवा," क्लबातल्या गुरुजींनी, म्हणजे गोल्फ शिकवणाऱ्या मास्तरांनी सल्ला दिला. "त्यांच्या जागी चार जावई घाला. फक्त नंबर बघून घेऊ नका. तोंड किती कललंय ते बघा."

"आणि सासूबाई?"

"त्या माझ्या विषयात येत नाहीत," गुरुजी म्हणाले.

डॉक्टरांनी गुपचूप चार जावई आणले आणि डोक्यावरच्या टोपड्यांसकट पिशवीत खोचले. उरला प्रश्न जुन्या दांड्यांचा. घरात ठेवावेत, तर सासूबाईंना न सापडणारी जागा त्या घरात नव्हती. क्लबात कोणाला द्यावेत, तर सगळे ओळखणार. प्रत्येक दांड्याच्या मानेवर बारीक आकडे ठोकलेले होते. ते कारखान्याचे असतील असं समजून डॉक्टरांनी कधी नीट वाचलेही नव्हते. शेवटी त्यांनी पाच आणि सहा नंबर छत्रीच्या पिशवीत घातले आणि दवाखान्यामागच्या मोकळ्या जागेत, नालीच्या चिखलात नेऊन टाकले. पाप केल्यासारखे मागे वळूनही न बघता ते परतले. आणि दुसऱ्याच संध्याकाळी बायको सांगत होती, हे परत आले.

जेवताना सासूबाई नेहमीसारख्याच होत्या. उलट जरा खुशीतच वाटल्या.

"आई, तुम्हाला बरं वाटतंय ना?" डॉक्टरांनी चाचपून बघितलं.

"मला काय धाड भरलीय? तुमचं कोपर कसं आहे?"

"माझं? उत्तम!" असं म्हणून डॉक्टरांनी भाजीचं भांडं उजव्या हातानं उचललं आणि लगेच खाली ठेवलं. सासूबाईंनी ते बघितलं आणि भांडं त्यांच्या डाव्या हाताशी सरकवलं.

जेवणं आटोपली आणि वरच्या खोलीतून आवाज आला. ठक्. थोडा वेळ शांतता. परत ठक्, ठक्. ती सासरेबुवांची खोली. वर्षभर तिला कुलूप होतं. सासूबाई त्यांच्या जागेवर नव्हत्या, पण हे दोघांच्याही लक्षात आलं नाही, कारण दोघंही छताकडे बघत होती. मग जिन्यावरून एक वास हळूहळू खाली उतरला. मशीनच्या तेलाचा.

"शनिवारचा वास," बायको म्हणाली, आणि तिनं नवऱ्याचं दुखरं कोपरच घट्ट धरलं. डॉक्टर ओरडले, ते दुखलं म्हणून. पण ते ओरडले म्हणून बायको ओरडली. वरची ठकठक तेवढ्यात थांबली.

शहाण्या माणसानं इथेच कबुली दिली असती. पण एकदा माणूस लपवायला लागला की त्याला लपवण्याशिवाय काही सुचत नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चार नंबर बसमध्ये 'विसरून' ठेवला, तीन नंबर दवाखान्याच्या कपाटात दडवला, आणि संध्याकाळी आपल्या मित्राला घरी चहाला आणलं. हा मित्र मनाचे आजार बरे करणारा डॉक्टर. "आईला कळू देऊ नका हं," बायकोनं त्याला दारातच बजावलं. "सहज गप्पा मारल्यासारखं विचारा."

मनाच्या डॉक्टरांनी चहाचा घोट घेतला आणि सहज गप्पा मारल्यासारखं विचारलं, "काय आई, ऐकलं की हे परत आले म्हणे?"

"आले की," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलंच होतं येतील म्हणून. इतक्या वर्षांचे घरातले. असे कसे जातील?"

"म्हणजे स्वतःहून येतात?"

"छे! स्वतःहून कसे येतील? कोणाला तरी सापडतात. मग फोन येतो, तुमचे आमच्याकडे आलेत, घेऊन जा. की मी गाडी पाठवते. काल डिकीत घालून आणले."

मनाच्या डॉक्टरांचा कप बशीवर वाजला. बायकोनं पदराचा बोळा तोंडाशी धरला.

"आणि... आल्यावर काही बोलतात का?"

सासूबाईंनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "तुम्ही बरे आहात ना? काय बोलणार? गुपचूप कोपऱ्यात उभे असतात. सध्या दोन आलेत. अजून दोन यायचेत."

"दोन?" बायकोला राहवलं नाही. "अगं आई, बाबा तर एकच होते!"

"काय बडबडतेस?" सासूबाई म्हणाल्या. इतक्यात घरातल्या बोळातला फोन वाजला. त्या उठल्या, आणि त्यांचं एका बाजूचं बोलणं इकडे तिघांच्या कानावर पडत राहिलं. "हो, आमचाच. मानेवर बघा. दिसलं? हो, बरोबर. एकटाच आहे? बरं, तिथेच धरून ठेवा, माणूस पाठवते."

त्या परत येईपर्यंत मनाचे डॉक्टर दारात पोचले होते. बुटाच्या नाड्या न बांधताच ते म्हणाले, "हे बघ, त्यांच्या वस्तू डोळ्यांसमोर असतील तोवर हे चालणार. जे काही राहिलंय ते घराबाहेर काढ. दूर काढ. आणि फी वगैरे राहू दे." पुढे कितीतरी दिवस ते त्या रस्त्यानं गेले नाहीत.

राहिलं होतं ते एकच, तीन नंबर. शनिवारी दवाखाना लवकर बंद करून डॉक्टर क्लबात गेले. मैदानाच्या टोकाला तळं होतं. दिवेलागणीची वेळ, खेळणारे परतलेले, पाणी काळंशार. डॉक्टरांनी दांडा हातात धरून एकदा इकडेतिकडे बघितलं. वारा नव्हता, तरी काठचं गवत हललं. त्यांनी डोळे मिटले आणि सगळा जोर लावून तो तळ्याच्या मधोमध भिरकावला. डुबुक् आवाज झाला. पाण्यावर वर्तुळं पसरत काठापर्यंत आली.

आणि खिशातला मोबाईल वाजला. पडद्यावर नाव होतं, सासरेबुवा.

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. घरातल्या फोनचा नंबर त्यांनी लग्नानंतर लगेच या नावानं साठवला होता, पण हे आठवायला डोकं ठिकाणावर लागतं. बायको तिच्या मोबाईलवरून बोलायची, सासूबाई जावयाला कधी फोन करत नसत, त्यामुळे वर्षभरात हे नाव एकदाही उजळलं नव्हतं. ते वाजत राहिलं. डॉक्टरांनी मोबाईल तळहातावर निखारा धरावा तसा धरला, आणि वाजायचा थांबल्यावर ते जे पळत सुटले ते थेट गाडीपाशी थांबले.

वाटेत बिघडलेल्या सिग्नलपाशी गाड्यांची रांग लागली. घरी पोचले तर दिवे गेलेले. बायको फाटकाशीच उभी होती. "मी आत जाणार नाही. वर ठकठक चाललीय. आणि जिन्यावर पाणी सांडलंय."

"आई कुठायत?"

"इथूनच हाका मारल्या. ओ देत नाही."

एकट्या म्हाताऱ्या बाईला आपण या संकटात लोटलं, या विचारानं त्यांना स्वतःचीच लाज वाटली. भीती वाटत होती, पण लाज त्याहून मोठी निघाली. मोबाईलच्या उजेडात ते जिना चढू लागले. पायरीपायरीवर ओले ठिपके होते. एका पायरीवर शेवाळाचा हिरवा धागा चिकटला होता. तेलाचा वास दाट होत गेला. खोलीचं दार उघडंच होतं.

खिडकीतून येणाऱ्या उरल्यासुरल्या उजेडात आरामखुर्ची दिसली. खुर्चीत सासरेबुवा बसले होते. अंगात तोच चौकटीचा कोट, वर तीच टोपी. आणि खुर्चीच्या हाताला टेकून ओळीनं उभे होते चार दांडे. तीन नंबरच्या टोकाखाली पाण्याचं छोटं थारोळं साचलेलं.

डॉक्टर दारातच गुडघ्यांवर बसले. "बाबा, चुकलो! मीच टाकले हो! पण कोपर गेलंय माझं. हात चालला नाही तर दवाखाना चालणार नाही. तुम्ही मला खायला काळ म्हणालात, मी हसलो. रोज हसलो. पण खरं सांगतो बाबा, लागायचं हो. तुमच्या घरात इतकी वर्षं राहिलो आणि अजून मला कपाटातला टॉवेल काढायचा तरी विचारावंसं वाटतं. उद्या तुमच्या दांड्यानं फटका चुकला, तर आई सगळ्यांसमोर काय म्हणतील, या भीतीनं मी हे केलं. आईंना काही करू नका!"

"ते आता ऐकत नाहीत," दाराआडून आवाज आला. "मी ऐकते. मला आधीच सांगितलं असतंत तर?"

डॉक्टरांनी मारलेली किंकाळी फाटकापर्यंत पोचली. दाराआड, छोट्या स्टुलावर सासूबाई बसल्या होत्या. एका हातात तेलाचं डबडं, दुसऱ्या हातात फडकं. तेवढ्यात दिवे आले. खुर्चीत नुसता कोट होता, वाळत घातलेला, आणि खुर्चीच्या टोकावर टोपी.

"कसर लागत होती म्हणून बाहेर काढला," सासूबाई म्हणाल्या. "आणि तेल संपत आलं होतं, येताना आणा म्हणून सांगायला मघाशी फोन केला, तर उचलला नाहीत."

बायको धावत वर आली. तिला सगळं कळायला जरा वेळ लागला, आणि कळल्यावर ती भिंतीला टेकून इतकी हसली की तिला उचकी लागली. 'हे' म्हणजे बाबा नव्हते, दांडे होते. दांडे परत आले. डोक्याला चिखल लागलेले, अंगानं थंडगार.

"पण ते लोक इथे फोन करायचे कसे?" डॉक्टरांनी विचारलं.

सासूबाईंनी पाच नंबर उचलून त्यांच्या नाकाशी धरला. "यांनी प्रत्येकाच्या मानेवर नंबर ठोकून ठेवलाय. वाचा."

डॉक्टरांनी आकडे वाचले. परत एकदा वाचले. "कोणाचा नंबर आहे हा?"

"तुमच्या घराचा, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाई उठल्या आणि कपाटाच्या तळातून जुन्या मोज्यात गुंडाळलेली एक वस्तू त्यांनी काढली. तो होता हायब्रीड. मुठीवरचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं, डोक्यावर ओरखडेच ओरखडे.

"हा कोणाचा?"

"यांचाच. शेवटी शेवटी यांच्या खांद्यालाही लोखंड झेपत नव्हतं. सगळ्यांच्या आधी जाऊन एकटेच यानं खेळायचे. चारचौघांत शिव्या घालायचे, पण खरं सांगू? अखेरची वर्षं जावयावाचून यांचं पान हलत नव्हतं." त्यांनी पदरानं दांड्याची मान पुसली. तिथेही तेच आकडे ठोकलेले होते. "मला वाटलं होतं, तुम्ही आपणहून बोलाल. म्हणून गप्प बसले. तर तुम्ही मलाच डॉक्टरांना दाखवलंत."

रविवारी पहिला फटका मारायला डॉक्टर उभे राहिले, ते हा झिजलेला जावई घेऊन. व्हरांड्यात कुजबुज झाली. सासरेबुवांचे जुने सोबती खुर्च्यांवरून अर्धवट उठले. पहिल्या खुर्चीवरून सासूबाईंनी नुसती मान हलवली. डॉक्टरांनी दांडा फिरवला. कोपर दुखलं नाही, आणि चेंडू असा उंच उठून सरळ गेला की गुरुजींनीच आधी टाळी वाजवली. "शेवटी जावयानंच नाव राखलं!" एक म्हातारा ओरडला. या वेळी डॉक्टर हसले, ते मनापासून.

घरी परतल्यावर तिघं चहा घेत बसली. डॉक्टर इतके मोकळे झाले होते की त्यांनी न विचारता दुसरा कप स्वतःच ओतून घेतला. "आई, एक सांगा. बाकीचे तीन कळले. पण तीन नंबर तुम्ही एवढ्या लवकर कसा आणवलात? मी तर तळ्याच्या मधोमध टाकला होता. माझ्या आधी घरी पोचला!"

सासूबाईंचा कप ओठांपाशीच थांबला. "मी कुठे आणवला? फोन आले तीन दांड्यांचे, मी आणले तीन. मी तेल घेऊन वर गेले तेव्हा चौथा खुर्चीशी उभाच होता. मला वाटलं, तुम्हालाच पश्चात्ताप होऊन तुम्ही आणून ठेवलात."

"मी?" डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी बायकोकडे बघितलं. बायकोनं त्यांच्या कोपराकडे हात नेला, पण या वेळी न दुखणाऱ्या बाजूच्या.

वरच्या खोलीत ठक् असा आवाज झाला. पाठोपाठ बोळातला फोन वाजायला लागला. तो वाजत राहिला. कोणी जागचं हललं नाही. शेवटी सासूबाईंनी कप खाली ठेवला, खुर्चीत नीट मागे सरकून बसल्या आणि जावयाकडे बघून म्हणाल्या, "घर तुमचं आहे ना? मग फोनही तुम्हीच घ्या."